एसएसईचा कोड एव्हीएक्स२ आणि एव्हीएक्स-५१२ वर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएसई (१२८ बिट), एव्हीएक्स२ (२५६ बिट) आणि एव्हीएक्स-५१२ (५१२ बिट) या एक्स८६ प्रोसेसरमधल्या इन्स्ट्रक्शनांच्या पिढ्या आहेत; त्या एका रुंद रजिस्टरमधल्या अनेक घटकांवर एकाच वेळी तेच काम करतात. ज्यांच्याकडे एसएसई२ ते एसएसई४ या काळात लिहिलेला, चालू असलेला आणि बऱ्यापैकी वेगवान सी, सी++ किंवा असेंबली कोड आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणासाठी दोन छोटी कामं घेतली आहेत: यूटीएफ-८ मजकुरातले कोड पॉइंट (युनिकोडमधली अक्षरं-चिन्हं) मोजणं आणि तोच मजकूर वैध आहे का हे तपासणं. पहिलं काम रुंद रजिस्टरवर सहज जातं, दुसरं जात नाही. पोर्टिंगमधल्या बहुतेक अडचणी या दोन कामांमधल्या फरकात सापडतात. शिवाय देवनागरी मजकूर अशा कोडची जितकी कडक परीक्षा घेतो तितकी इंग्रजी मजकूर कधीच घेत नाही. ते का, हे पुढे येईलच.

रजिस्टर दुप्पट रुंद झालं म्हणजे वेगही दुप्पट होतो का?

काम डेटा आणण्यात अडकलं असेल तर नाही. दोन मोठ्या फ्लोट ॲरेंची बेरीज तिसऱ्यात लिहायची असेल तर एका बेरजेमागे १२ बाइटांची ये-जा होते. डेटा एल१ कॅशमध्ये असेल तोवर २५६ बिटांचा फायदा दिसतो. तो मुख्य मेमरीतून यायला लागला की १२८ बिटांचा कोडही मेमरीचा वेग पुरता वापरून टाकतो, आणि दोन्ही आवृत्त्या सारख्याच धावतात. म्हणून एका बाइटमागे जास्त गणित करणारे लूप आधी निवडा. मेमरीवरून तीन वेगळे फेरे मारणारा कोड असेल, तर रजिस्टर रुंद करण्याआधी ते फेरे एकत्र करा. त्याचा फायदा बहुधा जास्त असतो.

दुसरा अडसर लेटन्सीचा, म्हणजे उत्तर हाती यायला लागणाऱ्या वेळेचा असतो. स्कायलेक या इंटेलच्या प्रोसेसर पिढीवर एफएमएला (गुणाकार आणि बेरीज एकत्र करणाऱ्या इन्स्ट्रक्शनला) ४ सायकल लागतात, पण दर सायकलला दोन एफएमए सुरू करता येतात. याचा अर्थ, एकमेकांवर अवलंबून नसलेले ८ बेरीज-रजिस्टर नसतील तर यंत्र अर्धवट रिकामं बसतं. एकाच रजिस्टरमध्ये बेरीज साठवणारा जुना लूप नुसता रुंद केला की तो रिकामेपणाही तसाच पुढे जातो.

इंट्रिन्सिकमध्ये (थेट एकेका इन्स्ट्रक्शनला बोलावणाऱ्या सी फंक्शनांमध्ये) १२८ च्या जागी २५६ लिहिलं की झालं ना?

काम उभं असेल, म्हणजे प्रत्येक घटक शेजाऱ्याकडे न पाहता आपापलं गणित करत असेल, तर जवळपास झालं. कोड पॉइंट मोजणं तसंच आहे. यूटीएफ-८ मध्ये पुढे चालू राहणारे बाइट १२८ ते १९१ या टप्प्यात असतात. चिन्हासह वाचले तर ते −१२८ ते −६५ होतात. म्हणजे −६५ पेक्षा मोठा बाइट दिसला की नवा कोड पॉइंट सुरू झाला. ‘मराठी’ या शब्दात १५ बाइट आहेत आणि ५ कोड पॉइंट.

एसएसई२ मध्ये १६ बाइट उचलायचे, −६५ शी तुलना करायची, आणि उत्तरात आलेले −१ बाइटच्या मोजणी-रजिस्टरातून वजा करायचे. बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, त्यामुळे जास्तीत जास्त २५५ फेऱ्यांनंतर पीएसएडीबीडब्ल्यू (बाइटांची बेरीज करणारी इन्स्ट्रक्शन) वापरून ती बेरीज ६४ बिटांच्या खान्यांत ओतायची. एव्हीएक्स२ मध्ये हाच आराखडा ३२ बाइटांवर चालतो. शेवटी दोनऐवजी चार खान्यांची बेरीज घ्यायची, एवढाच फरक.

एक सावधगिरी हवी. २०११ चा पहिला एव्हीएक्स २५६ बिटांवर फक्त फ्लोटिंग पॉइंटचं गणित करतो. पूर्णांकांसाठी एव्हीएक्स२ लागतो, आणि तो इंटेलने २०१३ च्या हॅसवेलपासून दिला. त्याआधीच्या सँडी ब्रिज आणि आयव्ही ब्रिजवर वरचा लूप १२८ बिटांचाच राहणार.

मग वैधता तपासणारा कोड का फसतो? ही लेन काय भानगड आहे?

२५६ बिटांचं रजिस्टर हे बऱ्याच इन्स्ट्रक्शनांच्या दृष्टीने एक सलग रजिस्टर नसून शेजारी ठेवलेली १२८ बिटांची दोन रजिस्टरं असतात. या प्रत्येक अर्ध्याला लेन म्हणतात. पीशफबी (तक्त्यातून बाइट उचलणारी), पीअलाइनआर (दोन रजिस्टरं जोडून सरकवणारी), पॅक, अनपॅक आणि बाइटांनी सरकवणारी इन्स्ट्रक्शन, ही सगळी आपापल्या लेनमध्येच काम करतात. पलीकडच्या लेनमधला बाइट त्यांना दिसतच नाही.

वैधता तपासताना प्रत्येक बाइटसाठी त्याच्या आधीचे एक, दोन आणि तीन बाइट लागतात. एसएसएसई३ मध्ये मागचा गट आणि चालू गट पीअलाइनआरला देऊन १५, १४ आणि १३ हे आकडे वापरले की काम होतं. नुसतं २५६ केलं की वरच्या लेनच्या पहिल्या बाइटला ‘आधीचा’ म्हणून चालू गटाचा १६ वा बाइट मिळायला हवा, पण मिळतो मागच्या गटाचा ३२ वा. खालच्या लेनलाही मागच्या गटाच्या ३२ व्याऐवजी १६ वा बाइट मिळतो, म्हणजे दोन्ही लेन चुकतात.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. आधी व्हीपर्म२आय१२८ ला मागचा गट, चालू गट आणि ३३ हा आकडा द्या. त्यातून मागच्या गटाची वरची लेन आणि चालू गटाची खालची लेन असं जोडरजिस्टर मिळतं. मग चालू गट आणि हे जोडरजिस्टर यांच्यावर नेहमीचा पीअलाइनआर १५, १४ आणि १३ सह चालवा. जोडरजिस्टर एकदाच काढायचं, तिन्ही वेळा तेच वापरायचं.

५१२ बिटांवर लेन चार होतात आणि पीअलाइनआर तिथेही लेनमध्येच अडकलेला असतो. तिथे व्हीअलाइनक्यू वापरून ६ खाने सरकवा. मागच्या गटाची शेवटची लेन आणि चालू गटाच्या पहिल्या तीन लेन मिळतात, पुढचं सगळं तसंच.

तिसरा मार्ग साधा आहे आणि तो उगाच विसरला जातो: एक बाइट मागे सरकून मेमरीतूनच पुन्हा वाचा. हॅसवेल ते स्कायलेक या पिढ्यांत जागा बदलणाऱ्या जवळपास सगळ्या इन्स्ट्रक्शन एकाच पोर्टवर, पोर्ट ५ वर, रांग लावतात, तर वाचायला दोन पोर्ट आहेत. पोर्ट ५ तुंबलेला असेल तर जादा वाचन स्वस्त पडतं. पहिल्या गटाआधी मेमरी आपली नसते, तेवढा गट वेगळा हाताळा.

पॅक करतानाही हीच गोची होते. १६ बिटांचे घटक ८ बिटांत आणताना ६४ बिटांचे चार तुकडे ०, २, १, ३ अशा क्रमाने बाहेर पडतात. व्हीपर्मक्यू २१६ या आकड्याने चालवला की क्रम सरळ होतो. लेन ओलांडणाऱ्या अशा इन्स्ट्रक्शनांना इंटेलवर साधारण ३ सायकल लागतात, लेनमधल्यांना १. त्यामुळे दर पायरीला क्रम दुरुस्त करू नका. मधली सगळी पायऱ्यांची उतरंड वाकड्या क्रमातच चालू द्या आणि लिहिण्याआधी एकदाच सरळ करा.

पीशफबीचा तक्ता वरच्या अर्ध्या भागात शून्यच देतो. का?

तक्ता एकाच लेनमध्ये भरला गेला आहे. १६ नोंदींचा तक्ता दोन्ही लेनमध्ये हवा, म्हणून तो व्हीब्रॉडकास्टआय१२८ ने भरा. १२८ चं रजिस्टर नुसतं कास्ट करून २५६ म्हणवून घेतलं, तर वरच्या अर्ध्यात काय असेल याची हमी नाही. वैधता तपासणाऱ्या कोडमध्ये ही चूक फार घातक ठरते. तिथे शून्य म्हणजे ‘दोष नाही’, त्यामुळे प्रत्येक ३२ पैकी १६ बाइट न तपासताच पास होतात आणि साध्या चाचण्या हिरव्याच राहतात.

जोडीला हेही लक्षात ठेवा: निर्देशांकाचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर पीशफबी शून्य देतो. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. म्हणून ४ बिट उजवीकडे सरकवून घ्या आणि १५ ने मास्क करा. ८ बिटांचा शिफ्ट उपलब्धच नाही. १६ बिटांचा वापरला की शेजारच्या बाइटचे बिट आत येतात, त्यामुळे तो मास्क गाळता येत नाही.

‘सगळे जुळले का’ ही तपासणी कधीच खरी होत नाही.

कोडमध्ये कुठेतरी ६५५३५ शिल्लक आहे. पीमूव्हएमएसकेबी १२८ वर १६ बिट देतो, २५६ वर ३२. सगळे जुळले की आता ३२ही बिट १ असतात, आणि चिन्हासहच्या पूर्णांकात ते −१ दिसतं. तुलना −१ शी करा किंवा चिन्हरहित प्रकार वापरा. उत्तर ६४ बिटांच्या चलात टाकताना आधी चिन्हरहित ३२ बिट करून घ्या, नाहीतर चिन्ह पसरून वरचे ३२ बिटही १ होतात.

पहिला जुळलेला बाइट शोधतानाही एक फरक आहे. शून्यावर बीएसएफचं उत्तर अनिश्चित असतं, टीझेडसीएनटी मात्र ३२ किंवा ६४ देतो. जुन्या प्रोसेसरवर टीझेडसीएनटीचे बाइट बीएसएफ म्हणूनच चालतात आणि क्रॅशही होत नाही. शून्याच्या वेळी गुपचूप चुकीचा आकडा मिळतो, इतकंच. त्यामुळे टीझेडसीएनटी ज्यात येतो त्या बीएमआय१ या संचाची स्वतंत्र तपासणी करा.

शेवटचे ३२ पेक्षा कमी बाइट कसे हाताळायचे?

एसएसईमध्ये उरणारं शेपूट जास्तीत जास्त १५ बाइटांचं असायचं. ते एकेक करून संपवलं तरी फारसं काही बिघडत नसे. आता ते ३१ किंवा ६३ होतं. छोट्या मजकुरांवर, म्हणजे नावं, पत्ते, शोधशब्द यांवर, नवी आवृत्ती जुनीपेक्षा हळू निघते याचं सर्वांत सामान्य कारण हेच.

पहिला मार्ग: शेवटचे बाइट स्टॅकवरच्या ३२ बाइटांच्या जागेत उतरवून घ्यायचे आणि उरलेली जागा भरायची. कशाने भरायची हे कामावर ठरतं. वैधतेसाठी शून्य उत्तम: शून्य स्वतः वैध आहे, आणि मजकूर अक्षराच्या मध्येच तुटला असेल तर पुढे शून्य आल्यामुळे चूक पकडली जाते. मोजणीसाठी शून्य चुकीचं. शून्य −६५ पेक्षा मोठं असल्याने प्रत्येक भरतीचा बाइट कोड पॉइंट म्हणून मोजला जातो. तिथे १२८ भरा. या मार्गात छोटे तुकडे लिहून लगेच ३२ बाइट एकत्र वाचले जातात, म्हणून स्टोअर फॉरवर्डिंग (नुकतं लिहिलेलं थेट पुढच्या वाचनाला देणं) फसतं आणि डझनभर सायकल जातात. एकदाच होत असेल तर चालतं, लूपमध्ये नको.

दुसरा मार्ग: शेवटचे ३२ बाइट मागच्या गटावर चढवून पुन्हा वाचायचे. नक्कल, कमाल-किमान, वैधता यांना दोनदा पाहिलेल्या बाइटने फरक पडत नाही. बेरीज आणि मोजणी यांना पडतो. एकूण लांबीच ३२ पेक्षा कमी असेल तर हा मार्ग बंद, तिथे १२८ बिटांचा जुना कोड जिवंत ठेवा.

एव्हीएक्स२ चं मास्क लावलेलं वाचन फक्त ३२ आणि ६४ बिटांच्या घटकांना आहे, बाइटांना नाही. एव्हीएक्स-५१२ मध्ये, बीडब्ल्यू हा उपसंच असेल तर, बाइटांनाही आहे, आणि मास्कने झाकलेल्या जागेमुळे फॉल्ट होत नाही. मास्क बनवताना मात्र जपा. ‘१ ला लांबीइतकं डावीकडे सरकवा आणि १ वजा करा’ हे सूत्र लांबी ६४ असताना कोसळतं: शिफ्टचा आकडा ६४ ने गुंडाळला जातो, मास्क शून्य होतो आणि पूर्ण भरलेला शेवटचा गट वगळला जातो. सगळे बिट १ असलेल्या संख्येवर बीझेडएचआय (दिलेल्या जागेपासून वरचे बिट शून्य करणारी इन्स्ट्रक्शन) चालवा, ६४ ला तो बरोबर उत्तर देतो. आणि झाकलेले बाइट शून्य होऊन येतात, म्हणून मोजणीत तुलनेलाही तोच मास्क लावा.

अलाइनमेंटचे नियम बदलले का?

बदलले, आणि बदल थोडा फसवा आहे. जुन्या एन्कोडिंगमध्ये गणिताच्या इन्स्ट्रक्शनला थेट दिलेला मेमरीचा पत्ता १६ ने भागला गेलाच पाहिजे, नाहीतर फॉल्ट. एव्हीएक्सच्या व्हेक्स एन्कोडिंगमध्ये ही अट नाही. ती फक्त मुद्दाम अलाइन्ड म्हटलेल्या वाचन-लेखनाला उरली आहे. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये कंपायलर अलाइन्ड वाचन गणितात मिसळून टाकतो आणि चुकीचा पत्ता खपून जातो. डीबग बिल्डमध्ये तेच वाचन सुटं राहतं आणि प्रोग्रॅम पडतो. ‘डीबगमध्येच क्रॅश होतं’ अशी तक्रार आली की आधी हे पाहा.

वेगाचं गणित कॅश लाइनवर अवलंबून आहे, आणि ती ६४ बाइटांची असते. अलाइन नसलेल्या सलग वाचनात १६ बाइटांचं दर चौथं वाचन दोन लाइनींवर पडतं, ३२ चं दर दुसरं, आणि ६४ चं प्रत्येक. म्हणून एव्हीएक्स-५१२ वर बफर ६४ ला अलाइन करणं खरोखर फेडून घेतं. ६४ बिटांच्या लिनक्सवर मॅलॉक १६ चीच हमी देतो. विंडोजवर मिनजीडब्ल्यूचा जीसीसी वापरत असाल तर स्टॅकवरच्या ३२ बाइटांच्या चलांवर विसंबू नका. तिथे स्टॅक १६ लाच अलाइन राहिल्याने पडणारे क्रॅश ही जुनी आणि माहीत असलेली अडचण आहे.

व्हीझीरोअपर कुठे लिहायचं? नाही लिहिलं तर?

व्हीझीरोअपर ही रजिस्टरांचे वरचे बिट शून्य करणारी इन्स्ट्रक्शन. २५६ बिटांचं काम झाल्यावर रजिस्टरांचे वरचे अर्धे ‘मळलेले’ राहतात. त्यानंतर जुन्या एन्कोडिंगची एसएसई इन्स्ट्रक्शन आली की प्रोसेसरला ते वरचे बिट सांभाळावे लागतात. सँडी ब्रिज ते ब्रॉडवेलवर या बदलाला सुमारे ७० सायकल पडतात. स्कायलेकपासून तो एकरकमी दंड गेला. त्याऐवजी प्रत्येक एसएसई इन्स्ट्रक्शन आपल्या जुन्या उत्तरावर विनाकारण अवलंबून राहते. हे जास्त वाईट, कारण तुमचं फंक्शन वेगवान दिसतं आणि हळू होतो तो पुढे चालणारा, तुमचा नसलेला कोड.

इंट्रिन्सिक वापरत असाल तर जीसीसी, क्लँग आणि एमएसव्हीसी हे कंपायलर ते आपणहून घालतात. असेंबलीत ते तुम्ही घालायचं: परतण्याआधी, आणि मध्येच लायब्ररीतलं फंक्शन बोलावण्याआधी. उत्तरच २५६ बिटांच्या रजिस्टरात परत जाणार असेल तर अर्थातच नाही. क्रमांक १६ ते ३१ ची रजिस्टरं वापरली तर हा प्रश्नच येत नाही, कारण जुन्या एसएसईला ती दिसत नाहीत. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतल्या स्ट्रिंग फंक्शनांच्या एव्हेक्स (एव्हीएक्स-५१२ चं एन्कोडिंग) आवृत्त्या हीच सोय वापरतात.

प्रोसेसरला एव्हीएक्स२ येतं हे नेमकं कसं ओळखायचं?

क्रम असा ठेवा. सीपीयूआयडी (प्रोसेसरला काय काय येतं ते सांगणारी इन्स्ट्रक्शन) हिच्या पान १ मध्ये ईसीएक्सचा बिट २७ पाहा: ऑपरेटिंग सिस्टीमने एक्ससेव्ह (रुंद रजिस्टरं जपून ठेवण्याची सोय) चालू केलं आहे का. तो ० असेल तर तिथेच थांबा. बिट २८ एव्हीएक्सचा, बिट १२ एफएमएचा. मग ईसीएक्समध्ये ० ठेवून एक्सगेटबीव्ही चालवा आणि उत्तराला ६ ने अँड करा. ६ च आले पाहिजेत, म्हणजे सिस्टीम दोन्ही प्रकारची रजिस्टरं जपून ठेवते. त्यानंतर पान ७, उपपान ० मध्ये ईबीएक्सचा बिट ५ एव्हीएक्स२ सांगतो, ३ बीएमआय१ आणि ८ बीएमआय२.

एव्हीएक्स-५१२ साठी एक्सगेटबीव्हीचं उत्तर २३० ने अँड केल्यावर २३० यायला हवं. पान ७ च्या ईबीएक्समध्ये बिट १६ एफचा, १७ डीक्यूचा, ३० बीडब्ल्यूचा, ३१ व्हीएलचा. बाइटांवरच्या कामाला नुसता एफ पुरत नाही. २०१६ च्या नाइट्स लँडिंगमध्ये एफ आहे, पण बीडब्ल्यू नाही.

मधली एक्सगेटबीव्हीची पायरी गाळली तर प्रोसेसर ‘येतं’ म्हणतो, सिस्टीमने ते चालू केलेलं नसतं, आणि पहिल्याच इन्स्ट्रक्शनला प्रोग्रॅम पडतो. मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधणं त्याहून वाईट. स्कायलेक पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये एव्हीएक्सच बंद होतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये क्यूएमयूचं ठरावीक सीपीयू मॉडेल ते झाकून टाकतं, खाली यंत्र कितीही नवं असो. जीसीसी आणि क्लँगमधली सीपीयू-सपोर्ट्स ही बिल्टइन सोय सिस्टीमचा भागही तपासते. स्वतः लिहिण्याचं खास कारण नसेल तर तीच वापरा.

तपासणी बरोबर आहे, तरी जुन्या यंत्रावर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ येतं.

हा या पानावरचा सर्वांत चिवट दोष. एव्हीएक्स२ चा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेला असतो आणि फक्त त्या फाइलला एव्हीएक्स२ चा पर्याय लावलेला असतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण त्या फाइलने एखादी हेडर फाइल घेतलेली असते आणि तिच्यात इनलाइन किंवा टेम्पलेट फंक्शनं असतात, कमाल काढणारं किंवा व्हेक्टरमध्ये भर घालणारं. कंपायलरने ती प्रत्यक्षात इनलाइन केली नाहीत तर प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये त्यांची एकेक प्रत तयार होते, आणि लिंकर त्यांपैकी एकच ठेवतो. ती एव्हीएक्स२ वाल्या फाइलमधली निघाली, की पूर्ण प्रोग्रॅम तीच वापरतो. लिंक करताना फाइलींचा क्रम बदलला की दोष गायब होतो, म्हणून तो शोधणं जिकिरीचं असतं.

उपाय: त्या फाइलमध्ये इंट्रिन्सिकचं हेडर सोडून दुसरं काही घेऊ नका, मदतनीस फंक्शनं स्टॅटिक करा, आणि बाहेर फक्त पॉइंटर आणि लांबी घेणारं साधं सी फंक्शन दिसू द्या. किंवा पूर्ण फाइलऐवजी एकेका फंक्शनला टार्गेट ॲट्रिब्यूट लावा. पक्कं करायचं असेल तर तयार बायनरी डिसअसेंबल करा आणि वायएमएम (२५६ बिटांची) रजिस्टरं नेमक्या कोणत्या फंक्शनांत आहेत त्याची यादी काढा.

फ्लोटची उत्तरं शेवटच्या अंकांत बदलली. हा दोष आहे का?

बहुधा नाही. चारऐवजी आठ बेरजा वेगळ्या चालल्या की बेरजेचा क्रम बदलतो आणि राउंडिंगही. दुसरं कारण एफएमए: गुणाकार आणि बेरीज मिळून तो एकदाच राउंड करतो. जीसीसी तर एफएमएचा पर्याय दिसताच साध्या सी कोडमध्येही ते आपणहून जोडतो. जुन्या उत्तरांशी बिटागणिक जुळणी हवी असेल तर एफपी-कॉन्ट्रॅक्ट (असं जोडू देणारा पर्याय) बंद करा आणि बेरजेचा जुना क्रम पाळा. तो पाळताना वेग जातो. चाचणीत मान्य फरक किती, हे पोर्टिंगच्या आधी लिहून ठेवा, नंतर ठरवलेली मर्यादा नेहमी सैल निघते.

एव्हीएक्स-५१२ वर जावं की एव्हीएक्स२ वर थांबावं?

आधी एव्हीएक्स२ पूर्ण करा, त्याचे ग्राहक जास्त आहेत. इंटेलच्या २०२१ च्या आल्डर लेकपासून घरगुती प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२ बंद आहे, कारण छोट्या कोअरना ते येत नाही. एएमडीने ते २०२२ च्या झेन ४ मध्ये आणलं, तिथे ५१२ बिटांचं गणित २५६ बिटांच्या मार्गावरून दोन खेपांत होतं. २०२४ च्या झेन ५ च्या डेस्कटॉप आणि सर्व्हर चिपमध्ये मार्ग पूर्ण ५१२ चा आहे.

घड्याळाचा वेग उतरण्याची भीती मुख्यतः स्कायलेक आणि कॅस्केड लेक झिऑनची. तिथे ५१२ बिटांचे गुणाकार आणि एफएमए सतत चालले की कोअरचा वेग खाली येतो, आणि त्याच कोअरवरचं बाकी कामही मंदावतं. पुण्याच्या आयसरमधली परम ब्रह्म ही महासंगणक प्रणाली कॅस्केड लेकवरच आहे. तासन्तास तेच गणित चालणाऱ्या अशा वैज्ञानिक कामात ५१२ बिट फायद्याचेच ठरतात. मधूनच दोन मायक्रोसेकंद ५१२ वापरून बाकी वेळ वेब सर्व्हर चालवणाऱ्या कामात तोटा होऊ शकतो. आइस लेकपासून हा परिणाम बराच सौम्य झाला आहे.

आमचा कल मधल्या मार्गाकडे आहे: व्हीएल उपसंचामुळे एव्हीएक्स-५१२ ची सगळी नवी साधनं २५६ बिटांच्या रजिस्टरांवर वापरता येतात. ३२ रजिस्टरं, मास्क, चिन्हरहित तुलना, सगळं मिळतं आणि वेगाची किंमत टळते. कंपायलरही स्कायलेक झिऑनसाठी आपणहून २५६ च निवडतात. ५१२ हवेच असतील तर ते स्पष्ट सांगावं लागतं.

त्या नव्या साधनांपैकी कोणतं आधी शिकावं?

व्हीपीटर्नलॉग. तीन रजिस्टरांवरचं कुठलंही बिटगणित ते एका इन्स्ट्रक्शनमध्ये करतं. आकडा काढण्यासाठी पहिल्याला २४०, दुसऱ्याला २०४ आणि तिसऱ्याला १७० समजा आणि हवं ते सूत्र याच आकड्यांवर चालवा. तिघांचा एक्सऑर १५० येतो. ‘पहिला १ तर दुसरा, नाहीतर तिसरा’ याचं २०२. हॅशिंग आणि बिटांची मोजणी यांत याने लूप खरोखर आखूड होतो.

मास्क रजिस्टरं आठ आहेत, पण क्रमांक ० लेखनाच्या मास्कसाठी वापरता येत नाही. त्या क्रमांकाचा अर्थच ‘मास्क नाही’ असा आहे. निवडक घटक एकत्र करणारं व्हीपीकॉम्प्रेस थेट मेमरीत लिहू नका: झेन ४ वर ते मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या प्रोग्रॅममधून) चालतं आणि अतिशय हळू आहे. आधी रजिस्टरात कॉम्प्रेस करा, मग साधं लेखन करा.

गॅदर आणि पीईएक्सटी वापरावेत का?

मोजून. गॅदर (विखुरलेल्या पत्त्यांवरून एकदम वाचणं) हे सुट्या वाचनांपेक्षा फारसं वेगवान कधीच नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये डाउनफॉल ही त्रुटी जाहीर झाल्यानंतरच्या मायक्रोकोडने स्कायलेकपासून टायगर लेकपर्यंतच्या इंटेल पिढ्यांवर ते आणखी मंदावलं. पीईएक्सटी आणि पीडीईपी (निवडक बिट गोळा करणारी आणि पसरणारी इन्स्ट्रक्शन) झेन ३ च्या आधीच्या एएमडी प्रोसेसरांवर मायक्रोकोडमध्ये आहेत. बीएमआय२ चा बिट १ असला तरी तिथे तक्ता वापरणारा जुना कोडच चांगला.

हाताने लिहिलेल्या असेंबलीत आणखी काय पाहावं?

विंडोजवर एक्सएमएम६ ते १५ या रजिस्टरांचे खालचे १२८ बिट जपून परत करावे लागतात, वरचे नाही. लिनक्सवर कुठलंच नाही. ३२ बिटांच्या पूर्णांक पॅरामीटरचे वरचे ३२ बिट शून्य असतील असं धरू नका. एसएसईच्याही आधीच्या एमएमएक्सचा कोड शिल्लक असेल तर त्याला मधल्या पायरीवर थांबवू नका. ती रजिस्टरं एक्स८७ शी वाटून घेतलेली असल्याने दर वेळी ईएमएमएस लागतं. थेट एसएसई२ किंवा एव्हीएक्स२ वर न्या.

चाचणी आणि मोजमाप कसं करावं?

साध्या सीमधली आवृत्ती हीच कसोटी माना आणि ती कधी काढू नका. ० ते २५६ पर्यंतची प्रत्येक लांबी, ० ते ६३ पर्यंतची प्रत्येक सुरुवात, असा पूर्ण जाळीचा फेरा मारा. बफर अशा पानाच्या शेवटाला चिकटवून ठेवा की पुढचं पान वाचायला बंद असेल, म्हणजे एक बाइट जास्त वाचला तरी लगेच कळेल. एफएफएमपेगमधलं चेकएएसएम हे साधन याच पद्धतीचं आहे: असेंबली आणि सी यांची उत्तरं ताडून पाहतं आणि वेगही मोजतं. एव्हीएक्स-५१२ चं यंत्र जवळ नसेल तर इंटेलच्या एसडीई एम्युलेटरवर अचूकता तपासता येते, वेग नाही.

डेटा म्हणून मराठी मजकूर घ्याच. देवनागरी अक्षर तीन बाइटांचं असतं, आणि १६, ३२, ६४ यांपैकी कशालाही ३ ने भाग जात नाही. सलग देवनागरीत लेनची आणि गटाची सीमा अक्षराच्या प्रत्येक शक्य जागी येते. पहिला बाइट २२४ असल्याने ‘दुसरा बाइट १६० पेक्षा कमी नको’ हा अपवादाचा नियमही दर अक्षराला तपासला जातो. वैध मजकुरातला एकेक बाइट बदलून दोष पकडला जातो का ते पाहा, विशेषतः १६ व्या आणि १७ व्या जागी.

वेगाचंही तसंच. बहुतेक कोडमध्ये ‘सगळे बाइट १२८ च्या खाली’ असा झटपट मार्ग असतो. इंग्रजीवर मोजलं तर तोच मार्ग मोजला जातो, देवनागरीत तो मिळतच नाही. मराठी वेबपानात टॅग आणि मजकूर आलटून पालटून येतात, तिथे त्या फांदीचा अंदाजही चुकत राहतो. तिन्ही प्रकार वेगळे मोजा. आरडीटीएससी (वेळ मोजायला वापरली जाणारी इन्स्ट्रक्शन) ठरावीक दराने चालतं, कोअरच्या खऱ्या घड्याळाने नाही. म्हणून लिनक्सवर पर्फ या साधनाने मोजलेले सायकल घ्या, प्रक्रिया एका कोअरला बांधा, आणि पहिल्या काही फेऱ्या सोडून द्या, कारण रुंद एकक जागं व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात.

जुना एसएसईचा मार्ग कधी काढून टाकता येईल?

तुमचे वापरकर्ते कोणत्या पायावर उभे आहेत त्यावर. ६४ बिटांच्या एक्स८६ मध्ये एसएसई२ कायम असतं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ने प्रोसेसरची किमान पातळी एक्स८६-६४-व्ही२ केली, म्हणजे एसएसई४.२ पर्यंत. आवृत्ती १० ने ती व्ही३ केली, म्हणजे एव्हीएक्स२, एफएमए आणि दोन्ही बीएमआय. फक्त अशाच सर्व्हरवर चालणारा कोड असेल तर निवड करणारा भाग काढून थेट व्ही३ साठी बांधता येतो. घरगुती यंत्रांवर जाणारा कोड असेल तर एसएसईचा मार्ग ठेवा, आणि चाचणीच्या वेळी तो सक्तीने निवडता येईल असा एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा. नाहीतर नव्या यंत्रांवर तो मार्ग कधीच चालत नाही आणि मोडला तरी कळत नाही.